वजनावर नव्हे, कामावर विकला जाणारा माल

पावसाळ्याआधी लोकरीचे कपडे आणि दुलया पेटीत भरताना डांबरगोळ्या टाकायच्या, ही आमच्या कापड दुकानातली वडिलांच्या काळापासूनची रीत. काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्राहकाच्या नातवाला जन्मानंतर चौथ्या दिवशी जबर कावीळ झाली. डॉक्टरांनी विचारले, बाळाला गुंडाळलेली दुलई कुठे ठेवली होती? ती घरच्या पेटीत, डांबरगोळ्यांत होती. तपासणीत बाळाच्या रक्तात ‘जी-६-पीडी’ नावाचे एन्झाइम कमी निघाले. इलाज वेळेवर झाला, मूल वाचले. पण तेव्हापासून आम्ही या एन्झाइमची चौकशी करीत राहिलो आणि एका निराळ्याच मालाच्या बाजाराशी ओळख झाली.

एन्झाइम म्हणजे शरीरातली रासायनिक कामे झटपट उरकणारे प्रथिन. सुताला दिलेली खळ काढायला प्रोसेस हाऊसमध्ये जे अमायलेज वापरतात, तेही एन्झाइमच. जी-६-पीडी पेशीतल्या साखरेवर काम करते आणि त्यातून रक्तातल्या लाल पेशींना संरक्षण मिळते. लाल पेशी हे एन्झाइम नव्याने बनवू शकत नाही. सुमारे १२० दिवसांचे आयुष्य तिला सुरुवातीच्या साठ्यावरच काढावे लागते. साठा कमकुवत असेल तर डांबरगोळीतले नॅप्थलीन, हिवतापावरचे प्रायमाक्वीन किंवा बाकल्याच्या शेंगा यांनी पेशी फुटतात. तान्ह्या बाळाला लावलेल्या मेंदीनेही असे घडल्याच्या नोंदी आहेत. प्रायमाक्वीनने काहींनाच त्रास का होतो याचा शोध घेताना १९५६ साली अमेरिकेत ही उणीव सापडली. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ती आहे, आणि तिचा त्रास मुलांना मुलींपेक्षा अधिक होतो. या उणिवेचे प्रकार अनेक. भारतातल्या एका प्रकाराचे नावच ‘केरळ-कल्याण’ आहे.

अशा उणिवेचा अभ्यास करायला शुद्ध एन्झाइम हाताशी लागते. पूर्वी ते माणसाच्या रक्तातून काढावे लागे. आता त्याचा जनुक, म्हणजे ते बनवण्याचा नमुना, ई. कोलाय या जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात आणि त्या नमुन्याप्रमाणे माल तयार करतात. मग पेशी फोडून एन्झाइम वेगळे करतात. अनेकदा त्याला आधीच एक छोटे शेपूट जोडलेले असते. निकेल भरलेल्या नळीतून रस सोडला की शेपटाचे एन्झाइम नळीत अडकते आणि बाकीचे वाहून जाते. तेव्हा ‘मानवी एन्झाइम’ हे नाव ऐकून कोणी दचकू नये. नमुना माणसाचा असला तरी या मालासाठी कोणाचे रक्त काढावे लागत नाही.

हा माल मायक्रोग्रॅममध्ये विकतात. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. पण खरे मोल वजनात नाही, कामात आहे. एन्झाइम एका मिनिटात किती काम उरकते ते प्रकाशाच्या यंत्रावर मोजतात आणि त्याचे ‘युनिट’ लेबलावर लिहितात. ताका उलगडून पन्ना आणि सूत पाहिल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. तसा इथला जाणकार शुद्धता, युनिट, बॅच आणि साठवणीचे तापमान पाहतो. माल उणे २० किंवा उणे ८० अंशांत ठेवावा लागतो. पुन्हा पुन्हा वितळला आणि गोठला तर त्याचे काम मंदावते. अडचण अशी की, निकामी झालेली कुपी डोळ्यांना चांगल्या कुपीसारखीच दिसते.

आपल्यातील काही तरुण प्रयोगशाळांना माल पुरवण्याच्या धंद्यात उतरत आहेत. त्यांना आमचे दोन शब्द. कुपी वाटेत गरम झाली असेल तर ती गुपचूप फ्रीजरमध्ये टाकून विकू नका. त्यात किती नुकसान होते ते पाहा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या याच एन्झाइमच्या सदोष प्रकारावर हजारो रसायने तपासली. त्यांतून एन्झाइमला बळ देणारे ‘एजी-१’ हे रसायन सापडले. अशा तपासणीत एन्झाइमच मेलेले असेल, तर चांगले रसायनही निरुपयोगी म्हणून बाजूला पडेल. दुसरे, लेबलावर ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. तो माल औषध म्हणून रुग्णाच्या हाती जाता कामा नये. एजी-१ सुद्धा प्रयोगशाळेतला शोध आहे. शोध आणि औषध यांच्यात तपासण्यांची मोठी वाट असते.

आणि कापडवाल्या भावांना एक विनंती. आम्ही आता बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी ठेवत नाही आणि बाळंतपणाची खरेदी करायला आलेल्या ग्राहकालाही तसे सांगतो. तुम्हीही सांगा. बाळाला कावीळ दिसली तर घरगुती इलाजात दिवस न घालवता डॉक्टरकडे न्यावे आणि पेटीत डांबरगोळी होती का, मेंदी लावली होती का, हे न विचारताच सांगावे.