कीटकनाशकाच्या डब्यावरील इंग्रजी शब्द : पॉयझन, डेंजर आणि कॉशन



नेवासा-शेवगावची कपाशी असो, पारनेर-राहुरीचा कांदा असो की संगमनेर-राहाता भागातील डाळिंब, फवारणीशिवाय हंगाम पार पडत नाही. फवारणीच्या रसायनाला आपण सर्रास ‘औषध’ म्हणतो. पिकाला ते औषध असेल, पण फवारणाऱ्याला ते विषच आहे. डब्यावर हे स्पष्ट लिहिलेले असते. मात्र ते बहुधा इंग्रजीत आणि एकाच शब्दात असते. त्या शब्दाचा नेमका अर्थ माहीत नसेल तर धोक्याचा अंदाज चुकतो.

चार रंग, तीन शब्द

कीटकनाशके कायदा १९६८ व त्याखालील नियम १९७१ यांनुसार प्रत्येक डब्याच्या लेबलवर कोनावर उभा केलेला चौकोन छापणे बंधनकारक आहे. त्याने लेबलचा किमान सोळावा भाग व्यापला पाहिजे. चौकोनाच्या वरच्या अर्ध्या भागात इशाऱ्याचा शब्द व खालच्या त्रिकोणात रंग असतो. प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा, म्हणजेच ‘एलडी ५०’, पाहून हा वर्ग ठरतो. हा आकडा जितका लहान तितके विष जहाल. तोंडावाटे पोटात गेल्यास, प्राण्याच्या दर किलो वजनामागे ही मात्रा पुढीलप्रमाणे असते.

१) लाल त्रिकोण : १ ते ५० मि.ग्रॅ. कवटी व हाडांची फुली, शब्द ‘पॉयझन’, म्हणजे विष. अत्यंत विषारी. उदा. मोनोक्रोटोफॉस, धान्य साठवणीतील ॲल्युमिनियम फॉस्फाईड.

२) पिवळा त्रिकोण : ५१ ते ५०० मि.ग्रॅ. शब्द ‘पॉयझन’च, परंतु कवटी नसते. जास्त विषारी. उदा. क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रीन, पॅराक्वाट.

३) निळा त्रिकोण : ५०१ ते ५००० मि.ग्रॅ. शब्द ‘डेंजर’, म्हणजे धोका. मध्यम विषारी. उदा. मॅलाथिऑन.

४) हिरवा त्रिकोण : ५००० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त. शब्द ‘कॉशन’, म्हणजे सावधान. कमी विषारी. उदा. मॅन्कोझेब.

गैरसमज कोठे होतो?

‘डेंजर’ हा शब्द आपण विजेच्या खांबावर आणि डीपीवर कवटीसोबत पाहत आलो आहोत. त्यामुळे तोच सर्वांत मोठा इशारा आहे असे वाटते. डब्यावर मात्र तो तिसऱ्या पायरीवर आहे, त्याच्या वर ‘पॉयझन’च्या दोन पायऱ्या आहेत. पिवळ्या डब्यावर कवटी नाही म्हणून तो सौम्य समजू नये.

दुसरी गोष्ट, हेच शब्द प्रत्येक देशात सारख्या अर्थाने वापरले जात नाहीत. अमेरिकेत ‘डेंजर’ हा सर्वांत वरचा इशारा आहे, त्याखाली ‘वॉर्निंग’ व त्याखाली ‘कॉशन’ येतो. मोबाईलवर परदेशी चित्रफीत पाहून आपल्या डब्याचा अर्थ लावू नये. आपल्याकडे शब्दाबरोबर रंग पाहावा.

तिसरा शब्द ‘इन्फ्लेमेबल’. सुरुवातीच्या ‘इन’मुळे ‘न पेटणारे’ असा अर्थ काहीजण घेतात. प्रत्यक्षात ‘फ्लेमेबल’ आणि ‘इन्फ्लेमेबल’ या दोन्हींचा अर्थ ‘पेट घेणारे’ असाच आहे. न पेटणाऱ्यासाठी ‘नॉन-फ्लेमेबल’ असे लिहितात. अनेक ई.सी. प्रकारच्या कीटकनाशकांत पेट घेणारे द्रावक असते. असे डबे चुलीजवळ, मोटारीच्या स्टार्टरजवळ ठेवू नयेत. ते हाताळताना विडी ओढू नये.

हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे

इंग्रजीत ‘हॅझार्ड’ आणि ‘रिस्क’ असे दोन वेगळे शब्द आहेत. हॅझार्ड म्हणजे पदार्थाच्या अंगचा घातकपणा, तर रिस्क म्हणजे प्रत्यक्ष अपाय होण्याची शक्यता. डब्यावरचा रंग फक्त पहिली गोष्ट सांगतो. दुसरी आपल्या वागण्यावर ठरते. लाल डबा कुलपात असेल तर जोखीम कमी. हिरव्या डब्यातील द्रावण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दिवसभर फवारले तर जोखीम वाढते. शिवाय हा रंग एका वेळच्या मात्रेवरून ठरलेला असतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाण्याचा परिणाम तो सांगत नाही.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डबा विकत घेणारा आणि पाठीवर पंप घेणारा हे पुष्कळदा वेगवेगळे असतात. इशारा पहिल्याने वाचला आणि दुसऱ्यापर्यंत पोचलाच नाही, तर त्याचा उपयोग शून्य.

हे अवश्य करावे

१) खरेदी करताना त्रिकोणाचा रंग पाहावा व सोबतचे माहितीपत्रक मागून घ्यावे. त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार व ‘अँटिडोट’ म्हणजे उतारा दिलेला असतो.

२) फवारणीपूर्वी रंग, शब्द व लक्षणे मजुराला मराठीतून सांगावीत. हातमोजे, मुखपट्टी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे मालकाने द्यावेत.

३) मळमळ, घाम, चक्कर, अंधूक दिसणे अशी लक्षणे दिसताच काम थांबवावे. कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

४) दवाखान्यात जाताना डब्याचे लेबल किंवा माहितीपत्रक बरोबर न्यावे. क्लोरपायरीफॉससारख्या रसायनांवर डॉक्टर ॲट्रोपिन देतात, पॅराक्वाटवर मात्र खात्रीचा उतारा नाही. कोणते विष होते हे समजले तरच योग्य उपचार वेळेवर सुरू होतात.

५) रिकामा डबा पाणी, तेल किंवा दुधासाठी कधीही वापरू नये.

डब्यावरचे दोन शब्द वाचायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट प्रत्येक फवारणीपूर्वी काढावा आणि वाचलेले पंप धरणाऱ्याला सांगूनच पंप भरावा.