किती पडले, त्याआधी कुठे चुकलं?

शंभर रुपयांच्या मालावर पंचवीस टक्के चढवले आणि त्या किमतीवर वीस टक्के सूट दिली, तर हाती काय राहील? जालन्याच्या मोंढ्यात हयात घालवलेल्या अडत्याला विचारा. कागद न घेता तो सांगेल, ‘काही नाही, जेवढ्यास तेवढं.’ शंभराचे सव्वाशे झाले, सव्वाशेचा पाचवा हिस्सा गेला, पुन्हा शंभर. हाच प्रश्न बी.कॉम. झालेल्या मुलाला घाला. तो सूत्र आठवतो, ‘एक्स’ धरतो आणि दीड मिनिटानं त्याच उत्तराला पोचतो. उत्तर दोघांचंही बरोबर. पण एमबीएच्या सीईटीत एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी 45 सेकंदच येतात.

हिशोब सरळ आहे. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची ही परीक्षा 200 प्रश्नांची आणि 150 मिनिटांची. तर्कशक्तीचे 75 प्रश्न, आकृत्यांचे 25, गणिताचे 50 आणि इंग्रजीचे 50. पेपर संगणकावर आणि इंग्रजीत. 1965 साली सुरू झालेल्या मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेपासून तालुक्याजवळच्या कॉलेजापर्यंत अनेक ठिकाणची दारं याच गुणांनी उघडतात.

जालना जिल्ह्यातल्या मुलांना या वाटेची ओढ वाटणं साहजिक आहे. इथे बियाण्यांचा धंदा मोठा, एमआयडीसीत सळयांचे कारखाने, अंबड-बदनापूरकडे मोसंबीच्या बागा. व्यापार आणि व्यवस्थापन म्हणजे काय, हे मुलं लहानपणापासून पाहतात. मात्र पुण्याला खोली घेऊन वर्षभर क्लास लावणं प्रत्येक घराला झेपत नाही. अशा मुलांच्या हातात एक साधन मात्र पुण्याच्या मुलांइतकंच धारदार असू शकतं, ते म्हणजे सराव परीक्षा. मुलांच्या भाषेत ‘मॉक’. अट एकच, ते नीट वापरता आलं पाहिजे.

वाचलेलं आणि आठवलेलं

बहुतेक मुलं आधी सगळं ‘पोर्शन’ संपवतात आणि मॉक शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवतात. तयारी झाली की मोजमाप करू, हा त्यामागचा विचार. पण परीक्षा देणं हाच शिकण्याचा एक मार्ग आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी 2006 साली याचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता: 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानं तपासलं तर चित्र उलटलं. पुन्हा वाचलेल्यातलं 42 टक्केच आठवत होतं, लिहून काढलेल्यातलं 56.

आपल्या जुन्या शाळेला हे वेगळ्या रीतीनं ठाऊक होतं. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पुस्तकात बघून कुणाला आली नाही. गुरुजी रोज ‘म्हणून दाखव’ म्हणायचे. ते म्हणून दाखवणं हीच रोजची छोटी परीक्षा होती. त्यातूनच सव्वाशेचा पाचवा हिस्सा जिभेवर बसला. म्हणून पहिला मॉक अभ्यास सुरू होतानाच द्यावा. गुण कमी पडतील, पडू द्यावेत.

पेपर संपल्यावर सुरू होणारं काम

समजा, मंठ्याच्या एका मुलीनं सीईटीचा मॉक दिला. 160 प्रश्न सोडवले, 104 बरोबर आले. एवढा आकडा बघून ती हिरमुसली आणि दुसऱ्या दिवशी नवा मॉक द्यायला बसली, तर आधीची अडीच तासांची मेहनत जवळजवळ वाया गेली. तिनं वही घ्यावी, पानावर चार रकाने आखावेत. पहिला: येतच नव्हतं. दुसरा: येत होतं, घाईत चुकलं. तिसरा: बरोबर आलं, पण वेळ फार खाल्ला. चौथा: वेळच पुरला नाही.

चारही दुखण्यांची औषधं वेगळी. पहिल्या रकान्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. दुसऱ्यात बहुधा ठरावीक चुका पुन्हापुन्हा दिसतात: प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द निसटणं, टक्के कशाचे काढायचे ते न बघणं. तिसरा रकाना सगळ्यांत फसवा. वर्तुळात बसलेल्या आठ माणसांच्या मांडणीचा सेट सुटला, पाच गुण मिळाले, मुलगी खूश. पण त्याला नऊ मिनिटं गेली. सरासरीच्या हिशोबानं तेवढ्या वेळात 12 प्रश्न व्हायचे. कोणता सेट दोन मिनिटांत सोडून पुढे जायचं, ही समज या रकान्यातूनच येते.

आणि चौथ्या रकान्यातले ते 40 प्रश्न? सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पर्याय पाच. शेवटच्या दोन मिनिटांत नुसत्या खुणा केल्या तरी सरासरीनं आठ गुण पदरात पडतात. इथे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे हातचे गुण टाकून देणं.

कॅटचा डाव वेगळा

आयआयएमसाठी असलेल्या कॅटला हीच सवय महागात पडते. तिथे दोन तासांचा पेपर, 40 मिनिटांचे तीन भाग, आणि एका भागातून दुसऱ्या भागात मनाला येईल तसं जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण. बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण वजा. चार पर्यायांत आंधळी खूण केली तर सरासरी मिळकत शून्य. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर मात्र पारडं किंचित आपल्या बाजूला झुकतं. म्हणून नागपूर किंवा मुंबईच्या आयआयएमचं स्वप्न असणाऱ्यानं कॅटचे मॉक वेगळे द्यावेत. परीक्षेआधी कॅटच्या संकेतस्थळावर अधिकृत मॉक मोफत मिळतो, तो चुकवू नये.

खुर्ची, घड्याळ आणि पडदा

मोबाइलवर आडवं पडून दिलेला मॉक ही परीक्षेची तयारी नव्हे. परीक्षेत समोर संगणक असतो, हातात माउस, बाजूला कच्च्या कामाचा कागद. घरी संगणक नसेल तर कॉलेजची लॅब किंवा गावातलं संगणक केंद्र गाठावं. पेपर एका बैठकीत द्यावा, मध्ये चहा नाही, फोन नाही. सुरुवातीला आठवड्याला एक मॉक पुरे. जेवढा वेळ पेपरला, निदान तेवढा वहीला द्यावा.

मॉकचं पर्सेंटाइल बघून घाबरण्याचं कारण नाही. 90 पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले 90 गुण नव्हेत. शंभरातले साधारण नव्वदजण आपल्या मागे, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय मॉकचं पर्सेंटाइल ती मॉक-मालिका देणाऱ्यांपुरतंच असतं. तुलना करायची तर आपल्याच मागच्या पानाशी करावी. दुसऱ्या रकान्यात चौदा चुका होत्या, आता सहा आहेत, ही खरी प्रगती.

घरच्यांचाही यात वाटा आहे. मूल पेपर देऊन आलं की आपण हमखास विचारतो, ‘किती पडले?’ त्या प्रश्नाला ते एक आकडा सांगतं आणि खोलीत जातं. एकदा ‘कुठे चुकलं, दाखव बरं’ म्हणून शेजारी बसून बघा. वही उघडेल. टक्केवारीचं एखादं गणित निघेल आणि आयुष्यभर मोंढ्यात माल घातलेले आजोबा म्हणतील, ‘अगं, हे तर तोंडी आहे.’