पाकिटावर जे लिहिलेलं नसतं

माझी मावशी गुडघेदुखीने बेजार होती. वर्षभर ती मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून आपल्या मनानेच घेत होती. मी डॉक्टर, पण मला त्याचा पत्ता नव्हता. कारण मी कधी विचारलंच नाही. पुढे रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडांना इजा होऊ लागली होती. गोळ्या बंद केल्या, तशी मावशी म्हणाली, "आता तुमची केमिकलं नकोत रे बाबा. मी आपलं झाडपाल्याचं घेते. त्याला साइड इफेक्ट नसतात."

कुणीतरी तिला पुड्या आणून दिल्या. वर ना नाव, ना पत्ता. आठवड्याभरात मावशी जिना चढू लागली. तीन महिन्यांत चेहरा गोल झाला, रक्तातली साखर वाढली. एके दिवशी पुड्या संपल्या आणि पाठोपाठ रक्तदाब इतका घसरला, की तिला इस्पितळात हलवावं लागलं. पुडी तपासून घेतली. झाडपाल्यात स्टेरॉईड मिसळलेलं होतं. बाहेरून रोज स्टेरॉईड मिळालं की शरीर स्वतःचं तयार करणं थांबवतं. मग ते एकदम तुटलं तर जिवावर बेततं.

श्रोतेहो, यातलं सुरक्षित औषध कोणतं? गोळीही नाही आणि पुडीही नाही. म्हणून नैसर्गिक की रासायनिक, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो.

सर्पगंधेचं उदाहरण घ्या. आपल्याकडे ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहून ती रक्तदाबावर कशी उपयोगी पडते हे जगाला दाखवलं. १९५२ साली तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. पुढे त्याच रेसरपीनने काही रुग्णांना नैराश्य येत असल्याच्या नोंदी झाल्या. जे शरीरावर काम करतं, ते अपायही करू शकतं. मग ते मुळीतून येवो की कारखान्यातून.

आधुनिक औषधांचा इतिहासही काही निष्कलंक नाही. थॅलिडोमाइड हे निर्धोक म्हणून गर्भवतींना दिलं गेलं. जगभरात हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ साली ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्या धड्यातून विक्रीपूर्व चाचण्यांचे नियम कडक झाले, विक्रीनंतर दुष्परिणाम नोंदवण्याची पद्धत रुजली. गोळ्यांसोबतच्या कागदावरची ती लांबलचक यादी पाहून आपण घाबरतो. पण ती यादी म्हणजे कुणीतरी लक्ष ठेवून मोजल्याची खूण आहे. पुडीवर यादी नसते, याचा अर्थ अपाय नसतो असा नव्हे. कुणी मोजलेलं नसतं, एवढाच.

मोजलं की काय दिसतं? बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १४ उत्पादनांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून आयुर्वेदच वाईट, असं मी म्हणणार नाही. शिकलेला वैद्य मात्रा, पथ्य आणि प्रकृती पाहूनच औषध देतो. निनावी पुडी विकणारा यातलं काहीच पाहत नाही.

तेव्हा कोणतंही औषध हाती आलं की तीन प्रश्न विचारा. यात काय आहे आणि ते कुणी बनवलं? किती घ्यायचं आणि किती दिवस? माझ्या चालू औषधांशी त्याचं जमेल का? डॉक्टरांना काढा, चूर्ण, सारं सांगा. वैद्यांना गोळ्या सांगा. चालू औषध आपल्या मनाने एकदम थांबवू नका. अपाय झाल्याचा संशय आला तर औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. देशात हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे.

मावशी आता बरी आहे. गुडघ्यांसाठी व्यायाम करते, वजनावर लक्ष ठेवते. आणि मी तिच्याकडे गेलो की चहाच्या आधी तिचा औषधांचा डबा उघडून पाहतो. हे मी वर्षभर आधी करायला हवं होतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)