कावीळ आणि जपून ठेवलेले नमुने

धान्याच्या धंद्यात सौदा मिटेपर्यंत मालाचा नमुना जपून ठेवण्याची चाल आहे. वाद निघाला की पुडी सोडावी आणि माल ताडून पाहावा. अशाच जपलेल्या नमुन्यांमुळे काविळीचा एक नवा विषाणू कसा उजेडात आला, ती हकीकत सभासद बंधुभगिनींस सांगावीशी वाटते.

१९५५ च्या नोव्हेंबरात दिल्लीस यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगढ नाल्याचे मैलापाणी शहराचे पाणी उपसण्याच्या ठिकाणी येऊन मिळाले. पाण्यात क्लोरीन घातले गेले. विषमज्वर वाढला नाही. परंतु डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० माणसांस कावीळ झाली. इतर जंतू मेले, हा मात्र तगला.

पाण्यातून पसरणारी कावीळ ती एकच, अशी तेव्हा समजूत होती. तिच्या ‘ए’ विषाणूचा छडा १९७३ साली लागला. पुढे रक्तपरीक्षा निघाल्या, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील डॉ. खोर्शेद पावरी, डॉ. श्रीनिवासन आणि त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनी दिल्लीचे जुने, तसेच अहमदाबाद व पुणे येथील पुढच्या साथींचे रक्ताचे नमुने तपासले. ना ‘ए’, ना ‘बी’! हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डॉ. खुरू यांनी काश्मीरच्या साथीवरून हेच मांडले. १९८३ साली मॉस्कोच्या डॉ. बलायन यांनी रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन कावीळ ओढवून घेतली आणि आपल्याच विष्ठेत तो विषाणू दाखविला. (विद्येपायी माणसे काय करतील, सांगवत नाही.) ‘ई’ हे त्याचे नाव. इतरांस तो बहुधा सोडून देतो. मात्र अखेरच्या महिन्यांतील गर्भवतींमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा वीस-पंचवीसपर्यंत जाते.

हे आम्हांस फार उशिरा कळले. १९८४ साली इंदुरात आमच्या थोरल्या वहिनी सातव्या महिन्यात काविळीने गेल्या. आम्ही दोरा बांधविला, उसाचा रस पाजला आणि चार दिवस दवडले. घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळीत असू. उकळलेले मात्र व्रतस्थ आजींपुरतेच. चौघे पिवळे पडले, आजी पडल्या नाहीत. एका मिलिमीटरात ज्याचे तीस हजार कण ओळीने बसतील, त्याला फडके काय अडविणार? उकळीने तो मरतो. वहिनींच्या रक्ताचा नमुना कोणी ठेवला नव्हता. तेव्हा तो ‘ई’च होता, असे आम्हांस शपथेवर सांगता येत नाही.

नवा विषाणू सापडणे निराळे आणि त्याच्यावर आरोप शाबीत होणे निराळे. १९८९ साली सापडलेला ‘सी’ दोषी ठरला. त्याच्या संशोधकांस २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. उलट १९९७ साली जपानात काविळीच्या रोग्यात आढळलेला ‘टीटी’ पुढे निरोगी माणसांतही सर्रास निघाला आणि त्याच्यावरील आरोप टिकला नाही.

आमच्या घरी हल्ली सर्वांचे पाणी आजींच्याच पातेल्यात उकळते.