बाटलीचा पैसा कुणाच्या हाती?

जालन्याच्या रेल्वे स्टेशनवर, बस स्टँडवर रिकाम्या बाटल्या वेचून गोणी भरणाऱ्या आयाबहिणी कोणत्या समाजाच्या आहेत, हे जालनेकरांना सांगायला नको. भंगार वितळवून सळई काढणाऱ्या या पोलादनगरीत भंगार वेचणारीला मात्र किंमत नाही.

आता रिकामी बाटली परत करा आणि मोबाईलच्या ॲपवर बक्षीस मिळवा, असा नवा मंत्र आला आहे. केदारनाथला 2022 मध्ये बाटलीमागे 10 रुपये अनामत घेऊन, क्यूआर कोड तपासून ती परत देण्याची पद्धत सुरू झाली. प्लास्टिक कमी व्हावे, याला आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच की, हा पैसा कुणाच्या हाती जाणार? बाटली घरातूनच यंत्रात गेली, तर वेचणारीच्या गोणीत काय उरणार? जिच्याकडे स्मार्टफोन नाही, तिने बक्षीस कसे घ्यावे?

कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी 2016 च्या घनकचरा नियमांनीच स्थानिक संस्थांवर टाकली. पुण्यात कष्टकरी महिला 1993 पासून संघटित झाल्या. 2008 मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. जालन्यातही 2023 पासून महानगरपालिका आहे. तिने वेचक महिलांची नोंदणी करावी, ओळखपत्र द्यावे, बाटली संकलन केंद्रे त्यांच्याच संस्थेकडे सोपवावीत आणि मोबदला रोख द्यावा.

त्यांची लेकरे मात्र गोणी नव्हे, दप्तर उचलतील, हे पाहणे आपले काम आहे. बांधवांनो, बक्षीस नको, हक्क मागा!