पेटीतली हवा

मोटरसायकलच्या सीटखालची एअर फिल्टरची काळी प्लास्टिकची पेटी अनेकांना इंजिनाचा गळा आवळणारी वाटते. म्हणून जुन्या, कार्ब्युरेटरच्या क्लासिक ३५० वर पेटी काढून शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायची हौस. आवाज भारदस्त होतो; ताकद वाढतेच असे नाही.

पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा वाढली आणि कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे जेट तेच राहिले, तर मिश्रण पातळ होते, इंजिन जास्त तापते. शिवाय या कार्ब्युरेटरची स्लाइड हवेच्या दाबातील फरकावर उचलली जाते. पेटी तिला शांत, स्थिर हवा पुरवते. पेटी गेली की मधल्या वेगात गाडी अडखळते आणि मेकॅनिक जेट बदलत बसतो.

बीएस-६ गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हे मिश्रण थोडेफार सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला सहसा नाही.

त्यापेक्षा पेटी तशीच ठेवून के अँड एनसारखा धुता येणारा सुती फिल्टर बसवावा. त्याला तेल बेताचेच लावायचे: कमी पडले तर धूळ आत, जास्त झाले तर हवा अडते. कोकणातल्या पावसात उघडा शंकू भिजतो, हेही हौशी मंडळींना जुलैतच आठवते.