एका लॉगिनवरचा खटला
एकच व्यक्ती एका अभ्यासक्रमात शिक्षक, दुसऱ्यात विद्यार्थी, आणि दोन्हींसाठी लॉगिन एकच. या सोयीवर मालकी सांगता येईल? ऑनलाइन वर्गांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अमेरिकेच्या ब्लॅकबोर्ड कंपनीला जानेवारी 2006मध्ये तसं पेटंट मिळालं. जुलैत तिने त्याच पेटंटवरून कॅनडाच्या डिझायरटूलर्न या प्रतिस्पर्धी कंपनीला टेक्सासच्या कोर्टात खेचलं; 2008मध्ये ज्युरीने तिला सुमारे 31 लाख डॉलरची भरपाईही मंजूर केली. मूडलसारखं अशाच वर्गांचं मुक्त सॉफ्टवेअर वापरणारे धास्तावले, आणि ते रास्तच होतं: वर्गाची मूळ घडण कुणा एका कंपनीची असूच नये. पेटंटला नावीन्य लागतं; आधीपासून वापरात असलेल्या गोष्टीवर हक्क टिकत नाही. ही सोय जुन्या प्रणालींमध्ये होतीच, म्हणून जुलै 2009मध्ये अपील न्यायालयाने पेटंटमधले तिच्यावरचे दावे अवैध ठरवले. डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.